मानशीचा लिलाव

पेर्पेत पुन्हा आली आहे.
मडगाव कोर्टाच्या पायऱ्यांशी माझं टेबल,
टेबलावर रेमिंग्टन, शेजारी तिची पिशवी.
आत तीन देशांचे तीन लिफाफे
आणि माझ्यासाठी दोन बांगडे, केळीच्या पानात.

वाच, म्हणते.
मी वाचतो. वाचता वाचता इंग्रजीची कोंकणी करतो
आणि दर खेपेला एखादं क्रियापद वाटेत पडतं.

पहिला देश, ज्याचा बावटा जहाजावर होता:
बावटा आमचा, माणसं आमची नव्हेत.
दुसरा, जिथं कंपनी नोंदलेली आहे
कुठल्याशा चौथ्या मजल्यावर, पितळी पाटीमागं:
आम्ही परवाना दिला. गोळी दिली नाही.
तिसऱ्याच्या आरमाराचं तेल होतं त्या जहाजात,
पहारा भाड्यानं घेतला तो त्यानंच.
त्याचं पत्र सगळ्यांत सभ्य.
चार ओळी हळहळ, मग
सदर इसम आमच्या सैन्यात नव्हते,
आमच्या हुकुमाखाली होते असे दिसून येत नाही.

हुकूम कुणाला दिसतो?
रुझारला दिसला तो एक झोत,
चार माळ्यांवरून, पहाटेच्या काळोखात.
जाळं अर्धं ओढलेलं. त्यानं हात हलवला,
जरा बाजूनं जा, एवढंच.
वरच्याला तो हात चाच्याचा वाटला.
ट्रॉलर कुटबणच्या धक्क्याला लागला तेव्हा
बर्फाच्या खणात मासळी नव्हती.

प्रियोळकर वकील म्हणाले, मुद्दा नियंत्रणाचा आहे.
भाडोत्र्याचं कृत्य राज्याच्या नावावर घालायचं
तर दोरी राज्याच्या हातात होती हे दाखवावं लागतं.
नुसता पगार दाखवून भागत नाही.
त्यांनी पुस्तकात पेन्सिलीनं रेघ मारून दिली.
पेर्पेतनं चष्मा लावला,
पाहिलं रेघेकडं, अक्षरांकडं नाही.

मग म्हणाली,
आमच्या खाजनाची मानस पाहिलीस ना तू?
(मानस म्हणजे मन नव्हे,
नदी आणि शेत यांच्या मधलं लाकडी दार.)
दर वर्षी लिलाव. बोली ज्याची
दार तो उघडणार, तो मिटणार,
भरतीबरोबर आलेली कोळंबी त्याची.
मी लग्न होऊन आले त्या वर्षी
एकानं लोभापायी रात्रभर दार उघडं ठेवलं.
खारं पाणी थेट मेरेपर्यंत.
मिठाला न भिणारं कोरगुट, तेसुद्धा करपलं.
सकाळी त्याच्या घरी कोणी गेलं नाही.
सगळी माणसं गावकारीच्या कचेरीत.
गावकार असं नाही म्हणाला की दार त्यानं उघडलं.
म्हणाला, दार आमचं.
तीन वर्षं भरून देत होते, भात मोजून.

आवाज चढला नव्हता तिचा.
मागं कुणी एक-चौदाच्या उताऱ्यावरून भांडत होतं.

मी कागद चढवला, कार्बन घातला
आणि बोटं थांबली.
दसऱ्याच्या सुमारास पेडण्याहून
एक निवृत्त हवालदार आला होता.
मुलीच्या नर्सिंगची फी, पायांत नवे बूट.
त्याचा करार मीच टंकला. साठ रुपये घेतले.
कलम अकरा बोटांना अजून पाठ आहे:
मी कोणत्याही सरकारच्या वतीने वागत नाही.
स्पेलिंग बरोबर आहे ना, त्यानं विचारलं होतं.
बरोबर होतं.
कुठल्या जहाजावर गेला, ठाऊक नाही.
पेर्पेतला हे सांगितलेलं नाही.

'प्रति' टंकून मी तिच्याकडं पाहतो.
तिघांनाही लिही, म्हणते.
आणि चौथी प्रत दिल्लीला,
त्यांनी तर अजून नाहीसुद्धा म्हटलेलं नाही.

पानातून बांगड्यांचं पाणी सुटलंय,
टेबलावरून तिसऱ्या लिफाफ्याकडं निघालंय.
ती लिफाफा उचलत नाही.
मीही नाही.