मोजा

ग्लदानीच्या आमच्या वस्तीत सरकारी बालवाड्या तीन.
नावं नाहीत त्यांना, आकडे आहेत:
अठ्ठावन्न, एकशे सहा, एकशे बारा.
नोंदणी सोमवारी दहाला उघडते
आणि पावणेअकराला संपते, असं मेदेआ सांगते,
लिफ्टच्या डब्यात नाणं टाकता टाकता.

बेकरीच्या हिशेबवहीच्या शेवटच्या पानावर
मी रकाने आखले, पिठाच्या बोटांनी.
घरापासून पावलं (माझी नव्हे, गेगाची).
एका बाईमागे मुलं किती.
नळाला पाणी. खिडक्या. वास.

अठ्ठावन्न: चारशे दहा पावलं.
नवं छत, निळी घसरगुंडी, माझ्याहून उंच कुंपण.
वर्गात मुलं किती, ते बाईंनी सांगितलं नाही,
भिंतीवरच्या खुंट्यांनी सांगितलं: अडतीस.
दुपारी झोपतात का मुलं? मी विचारलं.
"झोपवतो," बाई म्हणाल्या.
त्या मधल्या 'व'पाशी
मी बराच वेळ उभी होते.

एकशे सहा: सातशे, वाटेत कुत्रं भेटलं नाही तर.
भेटलंच. कानात पिवळा बिल्ला,
फाटकात आडवं, आणि चार पोरं
आपापल्या पावाचा कडक भाग त्याला भरवत होती.
आतून शिजणाऱ्या राजम्याचा वास.
मंगळवारपासून पाणी नाही, बादल्या रांगेत.
पण तिथली नानुली,
बोलताना मुलांच्या उंचीपर्यंत खाली येणारी!
मी पेन काढलं.
"जूनमध्ये मी बारीला चाललेय," ती म्हणाली,
"इटलीत. एका म्हातारीला सांभाळायला."
हा रकाना मी आखलाच नव्हता.

एकशे बारा हमरस्त्यापलीकडे.
एकोणीसशे पावलं, त्यातली तीनशे माझ्या कडेवर.
रंगाचे पोपडे, दोरीनं बांधलेला झोपाळा.
फाटकातच मी शून्य लिहायला घेतलं होतं.

मग चपला काढायच्या खोलीत
एक दोरी दिसली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
आणि दोरीवर मोजे.
एकेकटे. धुतलेले, चिमट्यात.
पट्ट्यांचा, बदकाचा, टाचेला झिजलेला,
वीस-पंचवीस तरी.
"जोडीदार सापडेपर्यंत ठेवते,"
झाडू न थांबवता त्सिसाना म्हणाली.
तो राखाडी कधीचा?
"त्याचा मालक आता तिसरीत आहे."

शितावरून भाताची परीक्षा करतात.
मोज्यावरून शाळेची करावी का, माहीत नाही.
मागे वळून पाहिलं तर गेगा,
घरी कुणाला पायाला हात लावू न देणारा गेगा,
फरशीवर बसून
एक हिरवा मोजा स्वतःच चढवत होता,
जीभ बाहेर काढून, टाच पुढे आलेली.

सोमवारी दहाला मी भट्टीपाशी होते.
कोपरानं फोन उघडला.
चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, पाव करपले,
नोदार ओरडला.
एकशे बारात आमचा नंबर प्रतीक्षेत एकतिसावा.
अठ्ठावन्नात जागा होती. दोन मिनिटं.

वहीच्या त्या पानावर आता
मैद्याच्या पोत्यांचा हिशेब चढलाय,
माझ्या रकान्यांतच, ओळ न सोडता.

हिरवा मोजा आमच्या बाल्कनीत वाळतोय.
परत करायला जायचंय.
एकोणीसशे पावलं.
गेगा म्हणतो, या वेळी कडेवर नाही.