गुरुवारचा माल

गुरुवारी आमच्याकडे पाणी नसतं.
बुधवारी रात्रीच पिंप, कळशी, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवते
आणि सकाळी चंदननगरहून चालत निघते
नगर रोडच्या कडेकडेनं, स्टोअरकडे.

पत्त्यांचा माल गुरुवारीच येतो.

शटर अर्धं वर गेलं की आधी पाय दिसतात:
कॉलेजातले मळके बूट, कुणाच्या कोल्हापुरी,
आणि ते पिवळे रबरी क्रॉक्स म्हणजे ढमढेरे.
आयटीत आहेत, पन्नाशीला टेकलेत,
दहाच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून
माझ्या खेळण्यांच्या रांगेत उभे राहतात.

"माणशी दोनच पाकिटं", मीच लिहिलंय पुठ्ठ्यावर.
"मॅडम, मिसेस खाली पार्किंगमध्ये आहेत,
त्यांची दोन धरून चार?"
त्यांना वर येऊ द्या, म्हणते मी.
मिसेस आजवर वर आलेल्या नाहीत.

पाकीट तळहाताएवढं. आत दहा पत्ते.
कुठल्या पाकिटात काय, ते दुकानालाही ठाऊक नसतं.
पण ढमढेऱ्यांच्या खिशात काटा असतो,
रविवार पेठेतून आणलेला, सोनार वापरतात तसला.
लहान मुलांच्या सायकलींआड उकिडवे बसून
ते एकेक पाकीट तोलतात.
चमकीचा पत्ता म्हणे गुंजभर जड भरतो.
मी हटकत नाही.
पाटल्या मोडल्या त्या दिवशी
मीही असाच श्वास धरून आकड्याकडे पाहिलं होतं,
जरा वर जाईल म्हणून.

शनिवारी शाळा सुटल्यावर झुबेर येतो.
तोवर नुसते हूक उरलेले असतात.
तो हूक मोजतो, खालची किंमत वाचतो,
खिशातली चिल्लर खिशातच चाचपतो.
"पुढच्या गुरुवारी?"
गुरुवारी शाळा असते ना रे तुला.
"असते," म्हणतो. बस.

मागच्या महिन्यात एका खोक्याला हातगाडीचा पत्रा लागला.
सहा पाकिटं फाटली.
फाटका माल मांडायचा नाही, घरी न्यायचा नाही,
वहीत लिहायचा, कात्रीनं कापायचा,
फोटो काढायचा, टाकायचा.
साहेब फोनवर, मी कात्रीवर.
पाच पाकिटं कोथिंबिरीसारखी गेली.
सहाव्यात एक पत्ता निघाला:
पेट्रोल पंपावरच्या डबक्यात फिरतात तसे रंग,
हलवला की हलायचे.
मधे कुठलंसं जनावर, पंख मिटून बसलेलं.
कात्री पहिल्यांदा घसरली.
दुसऱ्यांदा मी जोर लावला.
नग सहा. डॅमेज. नष्ट. सही.

पुढच्याच गुरुवारी ढमढेऱ्यांनी मोबाईल पुढे केला.
"हा एवढाच राहिलाय माझा.
कुणाला निघालाय का हो इथं?
एका स्कूटरचा भाव आहे याला."
मी फोटोकडे पाहिलं. तेच रंग,
फक्त काचेमागे गप्प पडलेले.
नाही, म्हटलं. पाहण्यात नाही.
त्यांनी काटा शून्यावर आणला
आणि पुन्हा सायकलींमागे बसले.

स्कूटर म्हणजे किती महिन्यांचा पगार,
हे मी घरी जाताना मोजलं नाही,
म्हणजे खराडी बायपासपर्यंत मोजलं
आणि मग सोडून दिलं.

कात्रीच्या सांध्यात अजून एक कपची अडकलीय.
टॅग कापताना कधी हिरवी होते, कधी जांभळी.
परवा झुबेरनं ती बरोबर हेरली.
मग त्याला एकट्याला सगळं सांगितलं,
फाटलेला खोका, कात्री, रंग, जनावर.
तो चिडेल वाटलं होतं.
त्यानं एवढंच विचारलं,
"डोळा उघडा होता की मिटलेला?"
मला जरा वेळ लागला.
उघडा, म्हटलं.
"मग तो उडायच्या आधीचा," झुबेर म्हणाला,
आणि हूक मोजायला लागला.