शेवटचं आळं

सकाळी पंप लागतो तेव्हा धाकू बाईत
पहिल्या पोफळीशी उकिडवा बसून विडी पेटवतो
आणि मी पडवीत, मांडीवर लॅपटॉप,
एका नळीभोवती दंडगोल आखते.

नळी म्हणजे केशवाहिनी.
दंडगोल म्हणजे मेंदूचा एवढासा तुकडा,
त्रिज्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी.
मधून रक्त वाहतं, प्राणवायू बाहेर झिरपतो,
पेशी पितात. जितकं लांब, तितकं कमी.
एक लॉगरिदम, चार गृहीतकं,
बाकी पुष्कळ काही सोडून दिलेलं.

नळीच्या शेवटाला, तिच्यापासून सगळ्यात दूर
एक जागा उरते.
तिला मारक कोपरा म्हणतात.
माझ्या आलेखात तो निळा येतो.

अण्णांच्या डोक्यात तो डावीकडे आहे.
दापोलीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली,
पेनाच्या टोपणाने दाखवला :
सुपारीएवढा.
अण्णा हसले, शब्द ओळखून.
म्हणता नाही आला.

धाकूला विचारलं, खालच्या ओळीतली
टोकाची पोफळ का गेली? पाणी तर भरपूर.
"भरपूर गो, पन वाटंत पिनारी किती!
त्यात येक विरी आडवी पडली पाटात,
दोन दिस कुनाच्या ध्यानात न्हाई."

मेंदूत दोन दिवस नसतात.
मिनिटं असतात, तीही मोजकी.
आणि आंजर्ल्याहून खाडीचा पूल, मग चढण,
मग रस्त्याचं काम, लाल झेंडी घेतलेला पोरगा.
काळ मी नेहमी शून्यापासून धरत आले.

रात्री समीकरणात विरी घातली.
निळा पसरत गेला, ठरावीक जागी थांबला.
उत्तर बरोबर होतं.
पण तिथे काय काय होतं, हे त्याला विचारता येत नाही;
पेशी सगळ्या सारख्या, हे दुसरं गृहीतक.
सुपारी कुठल्या पेशीत होती? माझं नाव?

आज संध्याकाळी अण्णा पाटाशी वाकले.
उजवा हात लोंबता, डाव्याने
भिजलेली विरी ओढून काढली, माझ्यापुढे धरली.
"हे... ही..."
बराच वेळ.
"गाडी."

लहानपणी मी विरीवर बसायचे, ते ओढायचे,
विहिरीपासून फाटकापर्यंत, ढुंगण सोलेपर्यंत.

धाकूने मान वर करून पाहिलं, काही बोलला नाही.
शेजारच्या दंडगोलातून थोडं झिरपत असेल,
ते पद मी सोडून दिलं होतं.
पाणी खालच्या ओळीकडे निघालं.