माग नंबर चौदा

रिपोर्ट साडेअकराला हवाय.
अक्कलकोट रोडला नऊ वाजताच पत्रा तापलेला,
कूलर नुसताच घुर्र करतोय, कारण त्यात पाणी नाही,
आणि पाणी नाही, कारण नळ परवा येणार.

तारखेचा रकाना धरते, टॉवेलचे चोवीस रकाने धरते,
इन्सर्ट. लाइन चार्ट.
एका टिचकीत चोवीस मागांच्या चोवीस रेघा
एकमेकींच्या अंगावर पडतात,
कांड्या भरता भरता कुणीतरी चहाला उठून गेल्यासारख्या.

सोडवत बसते.
लेजंड उजवीकडून उचलून खाली ठेवते.
मागच्या जाळीचा रंग पुसट, आणखी पुसट,
आहे हे कळावं पण बोचू नये इतका.
तारखा तिरक्या लटकल्यात, त्या सरळ करते,
आठवड्याला एक ठेवते. बाकीच्या तिथंच आहेत,
नुसत्या लिहिलेल्या नाहीत.

नान्ना जेकॉर्डचे पुठ्ठे पाडायचे.
चौकटीच्या कागदावर लाल शाईनं एकेक घर भरायचे.
भरलं घर म्हणजे भोक, रिकामं घर म्हणजे गप्प.
म्हणायचे, एक भोक चुकलं की मोर लंगडा,
आणि तोच लंगडा मोर मग हजार चादरींवर.
मला त्यांनी त्या कागदाला कधी हात लावू दिला नाही.
आता दिवसभर घरंच भरते. मोर कुठं येत नाही.

"काय करूलालीस?" साहेब पाठीमागून.
"चौदा नंबर लाल कर, बाकीचे राखाडी.
उभा आकडा पन्नासपासून चालू कर.
पडलेला दिसला पाहिजे,
पुण्याहून माणूस येणार बघायला, भंगारात काढायचाय."

करते.
पन्नासपासून धरलं की चौदा नंबर
कड्यावरून कुणी ढकलल्यासारखा कोसळतो.
शून्यापासून धरलं की तीच रेघ
उंबरा उतरते, एवढंच.
रोजचे एकसष्ट टॉवेल होते, अठ्ठावन्न झाले.

चौदा नंबरवर मेरगू राजेशम.
नऊ तारखेपासून एकोणीसपर्यंत त्यांची घरं कोरी.
सॉफ्टवेअर अदबीनं विचारतं,
रिकाम्या घरांचं काय करू?
शून्य धरू, रेघ जोडून टाकू, की फट ठेवू?

शून्य धरलं तर अकरा दिवस माणूस
मागापाशी बसून जांभया देतोय.
जोडलं तर एकसष्टवरून अठ्ठावन्न, सरळ, गुळगुळीत,
काही झालंच नाही.

झालं होतं ते असं, की मोटर जळाली.
रिवाइंडिंगला पाठवायला सही लागत होती,
सही करणारे तिरुपतीला होते.
राजेशम रोज आठला आले. हजेरीत आहेत.
तेल पुसलं, फणी साफ केली,
कडक भाकरी शेंगाचटणीशी मोडून खाल्ली,
बंद मागावर एकदा हात फिरवला, पाचला गेले.
मजुरी नगावर.
पगारपत्रकानं कुणाला काही विचारलं नव्हतं,
तिथं सरळ शून्य धरलं होतं.

फट ठेवते.
उभा आकडा शून्यापासून.
फटीच्या वर बारकी चौकट ओढून लिहिते:
मोटर बंद, कामगार हजर.
अक्षर आठ नंबरचं. मग नऊचं करते.
मग हात थरथरतो म्हणून पाणी प्यायला उठते,
माठही तळाला गेलेला.

साडेअकरा. प्रिंट.
प्रिंटरमधली रंगीत शाई दिवाळीपासून संपलेली.
लाल राखाडी झाला,
चोवीसच्या चोवीस रेघा एकाच घरच्या,
कोण कुठली ओळखू येईना.
साहेबांनी कागद खिडकीतल्या उन्हाकडे धरला,
खालून वर, वरून खाली पाहिला,
आणि एका जागी बोट ठेवून म्हणाले,
"ही एकटीच मधे तुटलीय गं. कुणाची ही?"