चार सूत

शुवैखच्या गल्लीत, टायरवाल्याच्या पाठीमागं,
अडुसष्टची मर्सिडीज उभी आहे जबडा उघडून.
तिचं चार सिलिंडरचं म्हातारं इंजिन
कोपऱ्यात, गोणपाटावर.
आत उतरवलंय टोयोटाचं, एका ओळीत सहा,
लांबीला वीतभर जास्त.
बाकी सगळं बसलं.
पंख्याचं पातं तेवढं रेडिएटरच्या कानाशी लागलंय.

उद्यमनगरात बाबालाल मुजावर सांगायचा,
फूटपट्टी खोटं बोलते, कणीक बोलत नाही.
म्हणून शाहजमान खोलीवरून फडक्यात बांधून आणतो
सकाळच्या पोळ्यांतला एक गोळा.
सुपारीएवढा तोडून मी पात्याच्या टोकाला चिकटवतो,
इंजिन पहारीनं पुढं रेटतो,
ब्रेक दाबल्यावर सरकेल तेवढं,
आणि पातं हातानं फिरवतो, सावकाश.
मग काढून बघतो.
कागद.
पलीकडची ट्यूबलाइट दिसावी इतका पातळ.

भाकरीएवढी जाडी हवी, निदान भाकरीएवढी.
चार सूत कमी.
शाहजमानला सूत समजावावं लागत नाही,
त्याच्या बोग्रातही लोखंड सुतानंच मोजतात.

'विजेचा पंखा लावू, पुढून?'
बू मिशारी म्हणतो, 'तो फ्रीजला लाव.'

तिसऱ्या दिवशी चोर सापडला.
जाळीखालच्या पत्र्याला आत आलेला पोचा,
मुठीएवढा, बरोबर मधोमध.
त्यानंच रेडिएटर मागं ढकललेला.
एक घाव, की चार सूत मोकळे.
हातोडा उचलला होता मी.
बू मिशारीनं दांडा धरला.

अर्धं हिंदी, अर्धं अरबी, आणि बरंचसं हातांनी:
नव्वदचा ऑगस्ट. दिवे विझवून बाप चालवत होता,
मागं पाच पोरं आणि आजी.
वाळूत कुणाचं तरी पिंप पडलेलं, दिसलंच नाही.
पाणी गळायला लागलं तेव्हा आजीनं
थर्मासमधला चहा ओतायला दिला, साखरेसकट.
तसे पोचलो सीमेपलीकडे.
बाप आता बोलत नाही.
गाडीजवळ नेलं की त्याचा हात इथं येतो.

हातोडा ठेवला.
मनात एक शिवी दिली, पिंपाला.

मग जे पुढं होत नव्हतं ते मागं केलं.
माउंटिंगची भोकं मागं सरकवली,
गिअरच्या दांड्यासाठी जमिनीचा पत्रा कापला,
शाफ्ट चार सूत कापून पुन्हा तोलून आणला,
इंजिनामागच्या भिंतीला, जिथं कुणाची आठवण नव्हती,
तिथं ठोकून खळगा केला.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात.
मी सुतापायी आठ दिवस गाडीखाली उताणा,
एकोणपन्नास अंशांत,
घाम कानात.
आणि खोलीवर येसाजी बोंबलतोय,
सहा माणसांची कणीक रोज कमी कशी पडते?

गुरुवारी संध्याकाळी गोळी निघाली
ती बोटांत धरता आली.
कडेला थोडी दबलेली, मध्ये जाड.
शाहजमाननं तव्यावर टाकायची खूण केली.

चावी मारली. इंजिनानं एकदा खाकरून सूर धरला.
पात्यावर राहिलेला कणकेचा एक तुकडा
सुटला आणि बू मिशारीच्या
इस्त्रीच्या दिशदाशावर जाऊन बसला, खिशापाशी.
तो बघत राहिला, मी बघत राहिलो,
त्यानं झटकला नाही.

म्हातारा चाकाच्या खुर्चीत होता.
हात त्यानं बरोबर तिथंच नेला.
पंखा हवा आत ओढत होता,
त्याची सैल बाही जाळीला चिकटली, फडफडली.
मी पुढं झालो. गरज नव्हती.
काटा मधेच थांबलेला, तापत नव्हती.

रात्री येसाजीनं परात पुढं सरकवली,
आज गोळा उरलाय, म्हणाला.
म्हटलं, उद्यापासून उरेल.