येशूचं म्हणतात ते कापड

तूरिन, १९९८

एर्सीलिया चाळीस वर्षं
इस्पितळाच्या धुलाईघरात होती.
रक्त किती दिवसांनी तपकिरी पडतं
हे तिला कुणी शिकवू नये.

भाचा रांगेत कुजबुजत राहिला:
कार्बन, चौदावं शतक, कुणा चिताऱ्याची करामत.
ती म्हणाली, चष्मा दे.

काचेमागे अंधुक माणूस,
भिंतीवर उमटलेल्या ओलीसारखा.
चेहरा तिनं फारसा पाहिलाच नाही.
जळक्या भोकांपाशी थांबली,
मठातल्या बायांनी लावलेल्या ठिगळांपाशी.
एक टाका तिरका गेलाय,
डोळा लागला असेल बिचारीचा.

पुढे चला, पुढे चला.

बाहेर पायरीवर भाच्यानं विचारलं,
मग? खरं की खोटं?

ती रुमालाची घडी घालत होती,
कोपऱ्याला कोपरा.
"धुतलं नाही कुणी," म्हणाली,
"इतक्या वर्षांत
हात धजावला नाही एकीचाही."