दोन नंबर

सकाळी साडेदहाला चॅपलमागच्या शेतात
आम्ही अठ्ठेचाळीस.
एलिनेड गाडीच्या डिकीत बसून नावं घेते,
मांडीवर घोंगडी, बोटं कापलेले हातमोजे,
पैसे बिस्किटांच्या डब्यात.
आकडे वेल्शमध्ये मोजते, दम मात्र इंग्रजीत देते :
पिना परत करा,
मागल्या वर्षी अकरा कमी आल्या.

शिट्टी नाही, बंदूक नाही.
कुणीतरी "चला" म्हणालं
आणि आम्ही निघालो.

पहिला चढ गोठलेल्या दहिवराचा.
गवत पायाखाली पापडासारखं मोडतं.
मेंढ्या तोंड वर करून बघतात,
पुन्हा चरायला लागतात,
नाताळ उलटला की ही माणसं अशी करतात
हे त्यांना ठाऊक असल्यासारखं.

वर नुसता वारा.
डोळ्यांतून पाणी, ते रडू नव्हे,
पण पुसायला जावं तर हाताचं लाकूड झालेलं.
ओहळावर बर्फाची साय धरली होती म्हणे.
माझ्यापुढच्या तीस जणांनी ती मोडून ठेवलेली,
माझ्या वाट्याला काळं पाणी,
गुडघ्यापर्यंत.

छातीवर एक्केचाळीस. आलो एकतिसावा.
लीकचं सूप, कागदी कपातून,
जीभ भाजली तेव्हा कळलं
तोंडाला अजून चव आहे.

टेकविन म्हणाला, डोंगरापलीकडं
अडीचला अजून एक आहे.
पंगतीत कुणी विचारावं तसं विचारलं, वाढू का,
आणि नको म्हणेपर्यंत
ते पानात पडलेलं असतं.

त्याची गाडी. मोजे हीटरच्या जाळीवर,
काचा आमच्याच वाफेनं आंधळ्या.
दोन केळी, एक गार सॉसेज रोल निम्मा निम्मा.
तो बायकोच्या वकिलाबद्दल बोलला नाही,
मी वडिलांच्या रिपोर्टबद्दल बोललो नाही.
गुडघ्यांबद्दल आम्ही पुष्कळ बोललो.

दुसऱ्या गावात नऊ जण.
सगळा कारभार एकट्या योरवर्थचा,
ऐंशीच्या घरातला, गुरांचा डॉक्टर होता एके काळी,
आमच्याकडं बघतोही तसाच,
आधी पाय, मग तोंड.
त्यानं वाट सांगितली :
ओकपर्यंत जा. पडलेला ओक, उभा नव्हे.
तिथून डावीकडं, आणि मग घरी या.
घर म्हणजे ते फाटक, जिथं तो उभा.

ओल्या बुटात पुन्हा पाय घातला
तेव्हा तोंडातून जे निघालं
ते चॅपलमागं निघालं नसतं.
सकाळचा चिखल वाळून पांढुरका झालेला,
त्यावर आता दुपारचा, काळा.
मांड्या भिजल्या कणकेसारख्या,
चढ आला की खाली बसतात.

मी उभ्या ओकपाशी वळलो.

वळलो आणि धावत राहिलो,
पुढं कुणी दिसेना
याचं बराच वेळ बरंच वाटलं.
मग वाट नेच्याच्या तांबूस झुडपांत शिरली
आणि तिथंच संपली.
थांबलो. माझ्या अंगातून धूर निघत होता,
एवढंच काय ते हलत होतं.
चार वाजत आलेले, सूर्य कड्यामागं गेलेला,
खाली दरीत एकाच घरात दिवा.
त्या घरात कुणी आजारी असेल का,
असं उगीच मनात आलं.
मग उगीच नाही, असंही आलं.
तेव्हा थंडी वाजायला लागली.

फाटकाशी पोचलो तो अंधार.
आठ जण जाऊन दोन गाड्या उरलेल्या.
एका गाडीत टेकविन घोरतोय.
योरवर्थ टॉर्च घेऊन उभा,
गळ्यातल्या दोरीला घड्याळ, अजून चालू.
त्यानं उजेड छातीवर धरला.
सातच्या खालून सकाळचा एक्केचाळीस डोकावत होता.
"कुठला लिहू?" म्हणाला.
आणि मी काही बोलायच्या आत
वेळ लिहिली, सेकंदांसकट.
उभा ओक सुंदर आहे, म्हणाला,
दरसाल एक जण तरी जातोच.

रात्री बनियन काढताना आठ पिना निघाल्या.
चार एलिनेडच्या, चार योरवर्थच्या,
आता ओळखू येत नाहीत.
वडिलांच्या गोळ्यांची रिकामी डबी होती,
तिच्यात टाकल्या.
त्या आवाजानं ते जागे झाले.
आतून विचारलं, कितवा आलास?

म्हटलं, कुठल्या शर्यतीत?